वाढत्या मुलाला दहा पाय लागतात



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांना मी पाहिलेलं नाही. पण त्यांची एक गोष्ट आज दुपारी त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने मला सांगितली. पायात कॅलिपर घातलेला एक मुलगा पाचवीत आला. पाचवीचा वर्ग माडीवर भरायचा. त्याला रोज उचलून वर न्यायला गुरुजींनी शिपायाला सांगितलं नाही. त्यांनी पाचवीचा वर्गच खाली आणला आणि सातवीला माडीवर धाडलं. मी तीस वर्षं लहान मुलांच्या हाडांवर शस्त्रक्रिया केल्या. गुरुजींना एका दिवसात जे उमगलं, ते मला उमगायला बरीच वर्षं लागली. म्हणून आजचं बोलणं त्यांच्या नावाने होतंय याचा मला आनंद आहे.

मी बोलणार आहे ते हात किंवा पाय अपुरा घेऊन जन्मलेल्या मुलांबद्दल. दर १०,००० जन्मांमागे साधारण ५ ते ७ बाळं अशी असतात. ज्या जिल्ह्यात वर्षाला ४०,००० बाळं जन्मतात, तिथे दरवर्षी अशी वीस-पंचवीस नवी घरं होतात. यातली बरीच बाळं आमच्यापर्यंत उशिरा येतात, काही येतच नाहीत. का येत नाहीत, याचं उत्तर ओपीडीत विचारल्या जाणाऱ्या पहिल्याच प्रश्नात असतं.

हा प्रश्न बहुतेक वेळा आजी विचारते. एकदा डावा हात कोपराखाली नसलेली दोन महिन्यांची मुलगी घेऊन एक कुटुंब आलं होतं. आई दाराशी उभी होती, बाळ आजीच्या मांडीवर. आजी म्हणाल्या, "बाई, हिला विचारा, गिरणात विळी हातात घेतली होती का." आईने मान खाली घातली. घेतली होती, घरात दुसरं कोणी स्वयंपाक करणारं नव्हतं.

मी कागद घेतला आणि तारखा मांडल्या. ग्रहण पडलं तेव्हा या बाईला सातवा महिना होता. गर्भाला हाताचे अंकुर फुटतात चौथ्या आठवड्यात, आणि आठवा आठवडा संपेपर्यंत बोटंसुद्धा सुटी झालेली असतात. म्हणजे त्या विळीच्या कितीतरी आधी, दिवस गेल्याची नीट खात्रीही नसते त्या काळात, जे व्हायचं ते होऊन गेलेलं होतं. ग्रहणाचा संबंध नसतोच. पण आजींच्या स्वतःच्या हिशेबानेही तो जुळत नव्हता. आजी कागदाकडे बघत राहिल्या आणि मग बाळ उचलून त्यांनी सुनेच्या हातात दिलं. त्या दिवशी मी एवढंच औषध दिलं होतं.

कारण काय, हे मात्र बहुतेक वेळा सांगता येत नाही. कधी गर्भाभोवतीच्या आवरणाचे तंतू बोटांना किंवा पायाला आवळतात. कधी वाढत्या अंकुराचा रक्तपुरवठा खंडित होतो. आनुवंशिक कारण थोड्यांत सापडतं. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा: अंगठा नाही आणि त्या बाजूचं हाड अपुरं आहे असं दिसलं, तर आधी हृदय आणि रक्त तपासून घ्यायचं. अशा हातासोबत हृदयाला छिद्र असू शकतं, रक्तपेशी तयार होण्यात दोष असू शकतो, आणि तो दोष हातापेक्षा आधी जिवावर येतो.

विसाव्या शतकात एकदा कारण अगदी स्वच्छ सापडलं होतं, आणि या विषयात आज आम्ही जे करतो त्यातलं पुष्कळसं तिथून आलं आहे. पश्चिम जर्मनीत १९५७ साली थॅलिडोमाइड नावाचं झोपेचं औषध 'कॉन्टर्गन' या नावाने बाजारात आलं. ते इतकं निर्धोक मानलं जाई की चिठ्ठीशिवाय मिळे. गरोदरपणात ओकाऱ्या होणाऱ्या बायकांनी ते घेतलं. गर्भधारणेनंतर साधारण २० ते ३६ दिवसांच्या काळात पोटात गेलेली गोळी पुरेशी होती. खांद्यालाच पंजा चिकटलेली, मांडीचं हाड नसलेली बाळं जन्मू लागली. हॅम्बुर्गचे बालरोगतज्ज्ञ विडुकिंड लेंट्स आणि ऑस्ट्रेलियातले डॉ. मॅकब्राइड यांनी १९६१ मध्ये, एकमेकांची माहिती नसताना, या औषधाकडे बोट दाखवलं. त्या नोव्हेंबरात जर्मनीत ते बाजारातून काढून घेतलं गेलं. तोवर जगभरात सुमारे १०,००० मुलं बाधित झाली होती. अमेरिकेत ते बाजारात येऊ शकलं नाही, कारण फ्रान्सिस केल्सी या अधिकारी बाईंनी पुरावा अपुरा म्हणून मंजुरी अडवून धरली. हे औषध आजही काही आजारांत, कुष्ठरोगातल्या एका तीव्र प्रतिक्रियेसाठीसुद्धा, वापरलं जातं. तशा वापरात पुरेशी खबरदारी न राहिल्याने ब्राझीलमध्ये अशी मुलं नंतरही जन्मली. म्हणून ही जुनी गोष्ट नव्या डॉक्टरांना पुन्हा पुन्हा सांगावी लागते.

त्या मुलांसाठी सरकारांनी आणि इंजिनिअरांनी मन लावून काम केलं. ब्रिटन आणि जर्मनीत कार्बन डायऑक्साइड वायूच्या दाबावर चालणारे कृत्रिम हात बनले. दोन-तीन वर्षांच्या मुलांच्या अंगावर पट्ट्यांनी ते चढवले जात, सोबत वायूचं लहान नळकांडं. त्या काळातले फोटो मी विद्यार्थ्यांना दाखवत असे. फोटोत मूल देखणं दिसतं: दोन हात, बाह्या नीट खाली आलेल्या. पण हे हात जड होते, चालताना सूं असा आवाज करत, आणि त्यांना स्पर्श कळत नसे. मूल मात्र तोवर पायाच्या बोटांनी चमचा धरायला, चित्र रंगवायला, पुस्तकाचं पान उलटायला शिकलेलं असे. खांद्याजवळच्या इवल्या बोटांना ऊन, गार, ओलं सगळं कळत असे, आणि ती बोटं नेमकी त्या हातांखाली झाकली जात. मोठी होता होता बहुतेक मुलांनी ते हात उतरवून ठेवले. पुढे त्यांच्यातले लोक पायांनी लिहून परीक्षांना बसले, नोकऱ्या करू लागले, मुलांचे आईबाप झाले.

याचा अर्थ कृत्रिम हात निरुपयोगी असा कुणी घेऊ नये. एका हाताच्या मुलाला सहाव्या महिन्यात, बसू लागताना, साधा हलका हात बसवला तर ते दोन्ही बाजूंनी वस्तू कवेत घ्यायला शिकतं. पुढे सायकलच्या हँडलसाठी, तबल्यासाठी, क्रिकेटच्या बॅटसाठी वेगवेगळी साधनं लावता येतात. पण मूल तो हात शाळेतून आल्यावर काढून ठेवत असेल, तर त्याला रागावू नका. कोपराखालच्या उघड्या खुंटाला स्पर्श कळतो, यंत्राला तो कळत नाही. मूल आळस करत नसतं, त्याने विचारपूर्वक निवड केलेली असते.

त्याच हॅम्बुर्गमध्ये डीटर बुक-ग्रामको या सर्जननी थॅलिडोमाइडच्या मुलांवर काम करताना अंगठ्याची शस्त्रक्रिया घडवली. जन्मतः अंगठा नसेल तर तर्जनी तिच्या नसा-रक्तवाहिन्यांसकट फिरवून, आखूड करून अंगठ्याच्या जागी बसवायची. हातात चार बोटंच राहतात, पण त्यातलं एक समोरून येऊन पकडतं. आपल्याकडेही ही शस्त्रक्रिया होते, लहानपणीच करतात, आणि चार बोटांच्या हाताने पाटीवर लिहिणाऱ्या मुलाकडे बघताना काही उणं आहे हे पटकन लक्षातही येत नाही.

आता पायाकडे येते, कारण माझं जास्त आयुष्य तिथे गेलं.

नडगीच्या बाहेरच्या अंगाला एक बारीक हाड असतं, फिबुला. पायाच्या लांब हाडांत जन्मतः सर्वांत जास्त वेळा उणं असतं ते हेच. नडगी आखूड आणि वाकलेली, घोटा अस्थिर, पावलाला तीन-चार बोटं. बाळ असताना दोन्ही पायांत अडीच सेंटिमीटरचा फरक असतो. आईबाप म्हणतात, वाढेल तसा भरून येईल. तो भरून येत नाही. पाय ज्या प्रमाणात आखूड आहे त्याच प्रमाणात आखूड राहतो, आणि वाढ पूर्ण होते तेव्हा ते अडीच सेंटिमीटर बाराच्या घरात गेलेले असतात.

इथे दोन वाटा फुटतात. एक वाट सायबेरियातल्या कुर्गान गावच्या गाव्रिल इलिझारोव्ह यांची. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी दाखवून दिलं की हाड कापून, बाहेरून रिंगा आणि तारांनी धरून, दिवसाला एक मिलिमीटर एवढं, तेही चार वेळा विभागून, हळूहळू ताणलं तर मधल्या फटीत नवं हाड तयार होतं. आम्ही तरुण सर्जन या शोधाने भारावून गेलो होतो. ज्यांचं पाऊल चांगलं आहे आणि फरक मर्यादित आहे, त्यांच्यासाठी ही वाट आजही उत्तम आहे. पण एका सेंटिमीटरमागे साधारण महिनाभर रिंग पायात असते, हा हिशेब विसरायचा नसतो.

मी तो एकदा विसरले. एका मुलीचं पाऊल तीन बोटांचं होतं, घोटा जवळपास नव्हताच. वडील म्हणाले, "काहीही करा, पाय कापू नका." मला ते ऐकायलाच हवं होतं. सहाव्या, दहाव्या आणि तेराव्या वर्षी, असा तीन वेळा मी तिचा पाय लांबवला. तारांच्या भोकांतून पू यायचा, घोटा आखडत गेला, शाळेची तीन वर्षं तुकड्यातुकड्यांनी बुडाली. शेवटी एक्स-रेमध्ये दोन्ही पाय सारखे दिसले. आम्ही तो एक्स-रे परिषदेत दाखवला. सतराव्या वर्षी ती एकटी माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मॅडम, हे पाऊल काढलं तर मला धावता येईल का?" ती शस्त्रक्रिया मी तिच्या पहिल्या वाढदिवसाच्या सुमारास करू शकले असते. निर्णय माझा होता, चूकही माझीच.

दुसरी वाट एडिंबरोच्या जेम्स साइम यांनी १८४२ साली, भूल देण्याचं शास्त्र येण्याच्याही आधी, दाखवलेली आहे. पाऊल घोट्यातून काढायचं आणि टाचेची जाड कातडी पायाच्या टोकाला बसवायची. टाच वजन पेलण्यासाठीच घडलेली असते, त्यामुळे मूल त्या टोकावर उभं राहू शकतं. रात्री मोरीपर्यंत जायला त्याला कृत्रिम पाय चढवावा लागत नाही. दिवसा त्या टोकावर पाय चढवला की ते लंगडी खेळतं, विहिरीच्या पायऱ्या उतरतं. वर्षाच्या मुलाला पाऊल गेल्याची आठवण राहत नाही. त्याच्यासाठी तो पाय असाच असतो.

हे आईबापांना सांगणं फार कठीण असतं. ज्या बाळाला आधीच काही कमी मिळालंय, त्याचं आणखी थोडं कापू द्या, असं सांगायचं असतं. मी ही परवानगी एका बैठकीत मागणं सोडून दिलं. त्याऐवजी तशी शस्त्रक्रिया झालेल्या एखाद्या आठ-नऊ वर्षांच्या मुलाला त्याच्या पालकांसह बोलावत असे आणि मी खोलीबाहेर जात असे. आई दुसऱ्या आईला जे विचारते ते डॉक्टरला विचारत नाही.

सर्वांत अवघड शस्त्रक्रिया अजून सांगायची आहे. काही मुलांचं मांडीचं हाड इतकं आखूड असतं की एका पायाचा घोटा दुसऱ्याच्या गुडघ्याच्या उंचीवर येतो. जर्मनीत बोर्गग्रेव्हे यांनी १९३० साली एक विचित्र वाटणारी शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली होती. १९५० साली डच सर्जन व्हान नेस यांनी ती अशा मुलांसाठी वापरली. पाय आतल्या नसा सांभाळून १८० अंशांत फिरवायचा. टाच पुढे येते, बोटं मागे जातात, आणि घोटा गुडघ्याचं काम करू लागतो. पाऊल वर-खाली केलं की कृत्रिम पाय गुडघ्यातून वाकतो, तोही मुलाच्या स्वतःच्या स्नायूंच्या जोरावर. यंत्राच्या गुडघ्याला हे जमत नाही. हाडाच्या कर्करोगात गुडघा काढावा लागलेल्या मुलांसाठीही ही शस्त्रक्रिया करतात. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात ती झालेली आहे.

एका शेतकऱ्याला मी हे चित्र काढून दाखवलं. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "बाई, उलटे पाय हडळीचे असतात. गावात पोरीला काय म्हणतील?" त्याच्या भीतीला उत्तर माझ्याकडे नव्हतं, आणि ती भीती खोटीही नव्हती. मुलगी गावातच वाढणार होती. आम्ही ती शस्त्रक्रिया केली नाही; त्याऐवजी खाली लांब कृत्रिम पाय जोडला. ती चालते, पण धावत नाही. आजही मला त्या निर्णयाबद्दल खात्री नाही. पायाचा उपयोग आणि पायाचं रूप यांत निवड करताना गावाची नजरही खोलीत हजर असते. ती नजर बदलणं सर्जनच्या हातात नसतं, ते तुमच्या हातात आहे. म्हणून हे मी डॉक्टरांच्या परिषदेत न सांगता इथे सांगते आहे.

मुलाचा पाय कापावा लागला, अपघाताने असो की आजाराने, तर मोठ्यांचा नियम मुलाला लावता येत नाही. मांडीच्या हाडाची सुमारे ७० टक्के वाढ गुडघ्याकडच्या टोकाला होते. चार वर्षांच्या मुलाचा पाय मांडीतून कापला की ते टोकच जातं, आणि मोठेपणी कृत्रिम पाय धरायला खुंट उरत नाही. शिवाय मधूनच कापलेलं हाड मुलात टोकाला वाढत राहतं, टोकदार होऊन कातडीतून बाहेर येऊ बघतं, आणि पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. म्हणून शक्य असेल तिथे सांध्यातून कापायचं आणि वाढीचं टोक राखायचं. मूल म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस नव्हे, हे ओळखून अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या ग्रँड रॅपिड्समध्ये एटकेन आणि फ्रांट्झ यांनी १९४६ साली फक्त अशा मुलांसाठी दवाखाना सुरू केला. तिथे सर्जन, कृत्रिम अवयव घडवणारा, व्यायाम शिकवणारा आणि पालक यांनी एका खोलीत बसायचं. एवढी साधी मांडणी, पण आपल्या कित्येक जिल्ह्यांत ती अजून नाही.

कृत्रिम पायाबद्दल आपल्या देशाला अभिमान वाटावा असं एक काम आहे. १९६८ च्या सुमारास जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी जयपूर फूट घडवला. परदेशी पद्धतीचे पाय रुग्ण घरी जाऊन टाकून देत, कारण त्यांनी उकिडवं बसता येत नसे, मांडी घालता येत नसे, अनवाणी शेतात जाता येत नसे. शर्मांच्या हातांनी आणि सेठींच्या निरीक्षणाने रबर, लाकूड आणि स्पंजचा असा पाय तयार झाला की जो ओल्या बांधावर चालतो. आमच्या महाराष्ट्रात पुण्याचं कृत्रिम अवयव केंद्र सैनिकांसाठी १९४४ पासून आहे, तिथे नागरिकांनाही सेवा मिळते. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था १९५५ पासून आहे.

तरीही मुलांची अडचण सुटलेली नाही, आणि ती वाढीची आहे. मूल धरून उभं राहायला लागतं, साधारण नवव्या-दहाव्या महिन्यात, तेव्हा पहिला पाय हवा. पाच वर्षांपर्यंत दरवर्षी नवा, बाराव्यापर्यंत दोन वर्षांनी, पुढे तीन-चार वर्षांनी. म्हणजे वाढ पूर्ण होईपर्यंत एका मुलाला किमान दहा पाय लागतात, आणि मधल्या काळात तुटलेले पट्टे, झिजलेलं रबर, घट्ट झालेलं सॉकेट, म्हणजे खुंट बसतो ती वाटी, यांची दुरुस्ती. आपली पद्धत शिबिरांची आहे. शिबिर होतं, माप घेतलं जातं, पाय बसतो, हार-तुऱ्यांचे फोटो निघतात. मोठ्या माणसाचं त्यावर भागतं. मुलाचा पाय मात्र पुढच्या जूनपर्यंत लहान होतो, सॉकेट खुंटाला टोचू लागतं, आणि आई तो पाय पोत्यात गुंडाळून माळ्यावर टाकते. मी घरभेटीला जात असे तेव्हा माळ्यावरचे पाय मोजत असे. खेळण्यासारखे लहान, एकच वर्ष वापरलेले.

केंद्र सरकारच्या साहाय्यक उपकरणांच्या 'एडिप' योजनेत एक चांगली तरतूद आहे: मोठ्यांना तेच साधन तीन वर्षांनी पुन्हा मिळतं, बारा वर्षांखालच्या मुलांना एका वर्षाने. मला भेटलेल्या शंभर पालकांत चार जणांनाही हे माहीत नसे. दुसरीकडे २०१३ च्या फेब्रुवारीत आपल्याच पालघरमधून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी आणि शाळांतल्या मुलांची तपासणी होते. त्याच्या केंद्रीय यादीत जे नऊ जन्मदोष आहेत, त्यांत वाकडं पाऊल आहे, दुभंगलेला ओठ आहे, जन्मजात मोतीबिंदू आहे. हात किंवा पाय अपुरा असणं त्यांत स्वतंत्रपणे नाही. जे यादीत नाही त्याचा रकाना नसतो, आणि रकाना नसला की पुढे कुठे पाठवायचं हे तपासणाऱ्या डॉक्टरलाही कळत नाही. दहावा दोष म्हणून हा एक शब्द त्या यादीत घालावा, एवढी मागणी मी निवृत्तीनंतर पत्रांतून करत आले आहे, करत राहणार आहे. तुमच्या आमदार-खासदारांपर्यंत ती तुम्हीही पोचवू शकता.

पण यादी बदलेपर्यंत मुलं थांबत नाहीत. या सभागृहात आशाताई आहेत, शिक्षक आहेत, सुना-सासवा आहेत. तुमच्या गल्लीत, वाडीत, पाड्यावर असं बाळ असेल तर त्याच्या आईकडे या आठवड्यात जा. ग्रहणाचं बोलू नका. तिला जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राचा पत्ता द्या, आणि जमलं तर सोबत जा. बाळ खाटेचा काठ धरून उभं राहायला धडपडू लागेल, त्याआधी त्याच्या पायाचं माप घेतलं गेलं पाहिजे.